गवंडी गेला कोठे?

तालुक्याच्या गावी नुकतेच घर बांधून पुरे केलेल्या कोणाही नोकरदाराला खर्चाचा हिशेब विचारून पाहावा. सिमेंटची पोती किती लागली, सळई किती टन आली, वाळू किती ब्रास पडली हे तो तोंडपाठ सांगेल. परंतु अंदाजपत्रकाहून खर्च एवढा वाढला कशाने असे विचारताच त्याचे उत्तर बहुधा एकच असते : ‘‘मजुरी भरमसाट झाली हो, आणि देऊ म्हटले तरी माणूस मिळत नाही.’’ भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, बँकेचे कर्ज आणि मोडलेली मुदत ठेव यांतून ज्याने चार भिंती उभ्या केल्या, त्याच्या या उद्गारात खोटे काही नाही. पण त्याने केलेले निदान अपुरे आहे, आणि अपुऱ्या निदानावर सुचविले जाणारे उपायही त्यामुळे भलतेच असतात.

साधे गणित मांडावे. लहान घराच्या एकूण खर्चात मजुरीचा वाटा साधारणतः चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका धरतात. तो पुरता तिसरा हिस्सा मानला आणि मजुरी एका वर्षात २० टक्क्यांनी चढली असे गृहीत धरले, तरी घराचा खर्च पावणेसात टक्क्यांच्या आसपासच वाढावयास हवा. प्रत्यक्षात अंदाजपत्रके याहून कितीतरी अधिक फुगतात. मालाच्या भाववाढीचा भाग वजा केला तरी काही रक्कम उरतेच. ती रक्कम मजुरीच्या रकान्यात सापडत नाही, कारण ती गवंड्याच्या खिशात गेलेलीच नसते. कसबी हाताच्या अभावी वाया गेलेल्या मालात, पाडून पुन्हा केलेल्या कामात आणि फुकट गेलेल्या महिन्यांत ती जिरलेली असते.

गिलाव्याचेच उदाहरण घ्यावे. ओळंबा न लावता आणि दोरी न ताणता रचलेली भिंत लांबून सरळच दिसते. तिचे खरे रूप गिलावा करणाऱ्याला कळते. आतल्या अंगास १२ मिलिमीटर जाडीचा गिलावा पुरावा अशी अपेक्षा असते. भिंत वाकडी निघाली, की तिचे व्यंग झाकण्यासाठी ठिकठिकाणी २०-२५ मिलिमीटरचा थर चढवावा लागतो. लहानशा घरात आतला गिलावा सुमारे २०० चौरस मीटर भरतो असे समजू. सरासरी जाडी १२ ऐवजी २० मिलिमीटर झाली, तर १.६ घनमीटर माल अधिक लागतो. एकास चार या प्रमाणाने त्यात सुमारे १२ पोती सिमेंट आणि अर्ध्या ब्रासहून अधिक वाळू जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा घर बांधणाऱ्यांना दिलासा मिळाल्याचे सर्वत्र सांगण्यात आले. त्या सवलतीने पोत्याची किंमत पुरती उतरली असे धरले, तरी ती उतरते आठ टक्क्यांहून कमी. म्हणजे दीडशे पोत्यांवर सरकारने जे सोडले, तेवढे केवळ वाकड्या भिंती सरळ दाखविण्यात संपले!

हीच गोष्ट सळईची आणि काँक्रीटची. बारा मीटर लांबीची सळई कोठे तोडावी म्हणजे उरलेला तुकडा दुसरीकडे उपयोगी पडेल, याचा आराखडा जाणता कारागीर काम सुरू करण्यापूर्वीच मनाशी करतो. अडाणी माणूस लागेल तशी तोडत जातो, आणि शेवटी भंगारवाल्याची चंगळ होते. काँक्रीटच्या मालात एका पोत्यास २५ लिटरच्या आसपास पाणी असावे, पण माल पातळ असला की तो पसरावयास सोपा, म्हणून बिगारी आणखी एक बादली ओततो. त्याला कोणी हटकत नाही, कारण हटकावयास जाणता मिस्त्री तेथे नसतोच. पुढे पाणी मारण्याचा प्रश्न येतो. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे असे भारतीय मानक सांगते. हल्ली बाजारात मिळणारी पोती बव्हंशी राखमिश्रित सिमेंटचीच असतात, पण चौथ्या दिवशी पाण्याची नळी गुंडाळून टोळी दुसऱ्या कामावर गेलेली असते. सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण ठेवावयाचे ते ठोकळे लावण्याचा ज्यांना कंटाळा, त्यांनी बांधलेल्या कोकणपट्टीतील छतांकडे पंधरा वर्षांनी पाहावे. खारट हवेने सळई गंजून फुगलेली आणि पोपडे निखळलेले दिसतात. हा दुरुस्तीखर्चही खऱ्या हिशेबाने घराच्या किमतीतच धरावयास हवा. तो आपण धरत नाही इतकेच.

मग येतो वेळ. गवंडी आहे तर सुतार नाही, सुतार आला तर प्लंबर दुसऱ्या गावी. फरशी बसल्यानंतर प्लंबर येतो आणि नुकतीच बसविलेली फरशी फोडतो. वायरमन उशिरा येतो आणि गिलावा केलेल्या भिंतीला खाचा पाडतो. प्रत्येकाच्या मागून दुरुस्तीसाठी पुन्हा गवंडी हवा, आणि तो मिळेपर्यंत काम थांबलेले. या काळात घरमालक राहत्या जागेचे भाडे देतो आणि न संपलेल्या घराच्या कर्जाचे व्याजही देतो. सहा महिन्यांचे काम अकरा महिन्यांवर गेले, तर पाच महिन्यांचा हा दुहेरी भुर्दंड कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

तेव्हा टंचाई आहे ती हातांची नव्हे. सकाळी आठ वाजता कोणत्याही शहरातील मजूर नाक्यावर जावे, हात पुष्कळ दिसतील. टंचाई आहे ती कसबाची. हे कसब गेले कोठे याचा विचार केल्याखेरीज पुढे जाता येणार नाही.

जुन्या व्यवस्थेत गवंडी तयार होत असे तो पायरीपायरीने. मुलाने प्रथम घमेली वाहावीत, मग विटा भिजवाव्यात, माल कालवावा, आतल्या आडभिंतीवर थापी चालवून पाहावी. कोपरा मात्र त्याच्या हाती अनेक वर्षे देत नसत. दोन्ही कोपरे ओळंब्यात आणि गुण्यात उचलले, की मधली भिंत दोरीच्या आधाराने कोणीही भरून काढतो. कोपरा चुकला तर सारे घर चुकते. म्हणून ज्याच्या हाती कोपरा तो खरा गवंडी, हे सर्वांना ठाऊक असे. वडार, बेलदार, पाथरवट, सुतार या समाजांच्या घराघरांतून ही विद्या अशीच चालत आली.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जातीने बांधलेली होती. तिच्यात मुलाला शाळा नव्हती, पहिली काही वर्षे मजुरी नव्हती, आणि कितीही कसबी झाला तरी कारागिराला ओटीवर बसावयास जागा नव्हती. वडाराच्या मुलाने दगड फोडण्याऐवजी शिक्षक व्हावे, सुताराच्या मुलाने बँकेत लागावे, यात वाईट काय झाले? उलट जे झाले ते फार उशिरा आणि फार थोड्यांच्या बाबतीत झाले. दोष आहे तो दुसरीकडे. जातीच्या घरातून विद्या बाहेर पडली, पण ती शाळेत जाऊन पोचली नाही. वाटेतच हरवली. जन्माने मिळणारे कसब बंद होत असताना ते शिक्षणाने मिळण्याची सोय उभी राहावयास हवी होती, आणि ती नावापुरतीच उभी राहिली.

नावापुरती म्हणण्याचे कारण असे. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. आज एकट्या महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. पण या संस्थांकडे येणाऱ्या मुलांचा ओढा इलेक्ट्रिशियन आणि फिटर या शाखांकडे असतो, कारण त्यांच्यामागे कारखान्यातील वा वीज मंडळातील नोकरीची आशा असते. गवंडीकामाचा अभ्यासक्रम आहे, पण प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला मुकादम जो रोज देतो तोच नाक्यावरच्या नवख्याला देतो. मग त्याने एक वर्ष कशासाठी घालवावे? शासकीय दरसूचीत पहिल्या वर्गाचा आणि दुसऱ्या वर्गाचा गवंडी असा भेद पूर्वापार आहे. पहिल्या वर्गाचा कोणास म्हणावयाचे हे मात्र ठेकेदाराच्या मर्जीवर सोडलेले असते, आणि देयक कोणत्या वर्गाचे निघते हे सांगावयास नकोच.

ठेकेदारीची रचनाही या शिक्षणाच्या मुळावर आली आहे. मोठा ठेकेदार काम घेतो, मजूर-ठेकेदाराला देतो, तो मुकादमाला देतो, आणि मुकादम आपल्या गावच्या टोळीला चौरस फुटाच्या दराने उक्ते लावून देतो. उक्त्या कामात प्रत्येक तासाला पैसे दिसतात. अशा वेळी हातातील काम थांबवून बिगाऱ्याला थापी धरावयास शिकविणे म्हणजे स्वतःची मजुरी बुडविणे होय. मग कोण शिकवील? टोळी शिकविते ती आपल्याच भावाला आणि मेव्हण्याला. स्थानिक मुलगा त्या टोळीत शिरू शकत नाही. आणि बाईचा तर प्रश्नच कोणी काढीत नाही. बांधकामावरची बाई वीस वर्षे डोक्यावरून घमेले वाहते, भिंत कशी उठते हे रोज डोळ्यांनी पाहते, तरीही तिच्या हाती थापी देत नाहीत. भिंत बांधणाऱ्या बाईला आपल्या भाषेत रूढ असा शब्दही नाही. ज्यांना कामाची सर्वांत अधिक ओळख आहे असे निम्मे मनुष्यबळ आपण पहिल्याच पायरीवर रोखून धरतो आणि मग माणसे नाहीत म्हणून ओरडतो.

या ठिकाणी ठेकेदारांचा एक लाडका सिद्धांत आठवतो. फुकट धान्यामुळे मजूर आळशी झाले, असे ते सांगतात. मालदा-मुर्शिदाबादकडचा माणूस दीड-दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून येतो आणि पत्र्याच्या खोपटात दहाजणांसोबत राहून आपल्या इमारती बांधतो. त्याला आळशी म्हणण्याचे धाडस कौतुकास्पदच म्हटले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या २०२२-२३ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागातील बांधकाम मजुराचा सरासरी रोज देशभरात ४०० रुपयांच्या आत होता, आणि केरळात तो ८५० रुपयांच्या वर होता. १९७० च्या दशकापासून केरळातील कारागीर आखाती देशांत गेले, मागे राहिलेल्यांचे मोल वाढले, आणि त्या मोलाच्या ओढीने बंगाल, आसाम, ओडिशाचे मजूर तिकडे गेले. कष्टकरी माणूस मजुरीचा हिशेब नीट ओळखतो हाच याचा अर्थ. आपल्या गावी तो येत नसेल, तर इतरत्र त्याला आपल्याहून बरे कोणी बोलावले असा निष्कर्ष काढणे अधिक तर्कशुद्ध होईल.

‘बाहेरच्यांनी आमची कामे बळकावली’ ही दुसरी तक्रार. तीही तपासण्याजोगी आहे. ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यात पट्टामुंडाईच्या परिसरातून निघालेले प्लंबर देशाच्या बहुतेक मोठ्या शहरांत आढळतात. नळकाम हा तेथील कोणा जातीचा वडिलोपार्जित धंदा नव्हे. काहीजण बाहेर जाऊन शिकले, त्यांनी गावच्यांना शिकविले, आणि पुढे त्याच गावी नळकामाच्या शिक्षणासाठी स्वतंत्र शासकीय संस्थाही निघाली. एखाद्या भागाने एखादे कसब दोन-तीन पिढ्यांत आपलेसे करावे आणि त्यावर जगावे, हे शक्य आहे. त्यांनी आपल्याकडून काही हिरावून घेतले नाही. जागा रिकामी होती, ती त्यांनी भरली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि उपाशीतापाशी ही माणसे गावी निघाली, तेव्हा ती जागा किती मोठी होती हे महाराष्ट्राला दिसले. कामे महिनोन्‌महिने अडली. त्यानंतर आपण काय केले? ते परत येण्याची वाट पाहिली.

कसबाच्या अभावाची किंमत केवळ रुपयांत मोजण्याचा प्रघात पडला आहे. मराठवाड्याला ती वेगळ्या रीतीने मोजावी लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. ती बहुतांशी आपल्याच घरांच्या दगडांखाली. वर माळवदाचे ओझे आणि खाली मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अशी ती घरे होती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर आणि मध्ये चिपांची भर. हे दोन पदर एकमेकांस बांधून ठेवणारा आरपार दगड ठरावीक अंतरावर घालावयाचा, ही जुन्या जाणत्यांची रीत त्यांत पाळलेली नव्हती. हादरा बसताच दोन्ही पदर फाकले आणि छत खाली आले. पुढे पुनर्वसनाच्या कार्यक्रमात लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. तेव्हा गावोगावच्या गवंड्यांना हाच आरपार दगड कसा बसवावा हे शिकविण्यात आले, आणि ते ते शिकले. मनात आणले तर सरकारला गवंडी घडविता येतो याचा हा दाखला आपल्याच राज्यातला आहे. त्यासाठी भूकंप व्हावा लागला, ही गोष्ट निराळी.

पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण विभागात ४५ दिवसांचे गवंडी प्रशिक्षण आहे, आणि ते खऱ्याखुऱ्या घराच्या बांधकामावर द्यावयाचे असते. कल्पना उत्तम आहे. परंतु त्याच योजनेत सपाट प्रदेशातील घरासाठी केंद्राने २०१६ साली ठरविलेली रक्कम १ लाख २० हजार रुपये ही तशीच राहिली. एवढ्या पैशात किमान २५ चौरस मीटरचे घर बसवू पाहणारा गरीब लाभार्थी चांगला गवंडी शोधील की स्वस्त? तो स्वस्त शोधतो, आणि जो कमीत कमी नासाडी परवडवू शकतो त्याच्याच घरात सर्वांत अधिक नासाडी होते. मध्यमवर्गीयाचा गिलावा जाड होतो, पण लाभार्थ्याचे घर छतापाशीच थांबते.

शहरांतून यावर यंत्रांचा तोडगा निघाला आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती ओततात, कारखान्यात कालवलेले काँक्रीट टाकीतून येते. पंचवीस मजल्यांच्या इमारतीला ते परवडते. शिरूरच्या वा सावंतवाडीच्या एका बंगलीसाठी ते साचे कोणी आणणार नाही. तेथे ओळंबा आणि थापी यांवाचून गत्यंतर नाही.

शिक्षकवर्गाने या प्रश्नात आपला वाटा ओळखण्याजोगा आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायाभोवती शिक्षण उभारण्याचा विचार मांडला गेला. पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. त्याचे शाळेत काय झाले? वेळापत्रकात एक तासिका आली, कागदी फुले आली आणि वर्षअखेरीस श्रेणी आली. दहावीत ज्याला गुण कमी, त्याला ‘तू आता आयटीआयला जा’ असे ज्या स्वरात सांगितले जाते, तो स्वर शिक्षेचा असतो. भूमितीत काटकोन काढता न आलेल्या मुलास आपण ज्या धंद्याकडे पाठवितो, त्या धंद्याचे सारे सार त्या काटकोनात आहे! तीन, चार, पाच या बाजूंनी गुण्या तपासणारा गवंडी पायथागोरसचे नावही न घेता त्याचा सिद्धांत रोज वापरतो. हे वर्गात सांगणारा शिक्षक विरळा.

पैशाचे काय, असा प्रश्न येईल. पैसा आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर बसला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम ठेवला आहे. मार्च २०१८ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरात या उपकरापोटी ३७ हजार ४०० कोटींहून अधिक रुपये जमले आणि त्यांतले केवळ साडेनऊ हजार कोटींच्या आसपास खर्ची पडले, याबद्दल राज्यांची कडक कानउघाडणी केली होती. मजुरांच्या आजारपणावर, मुलांच्या शिक्षणावर हा पैसा खर्च व्हावयास हवाच, तो त्यांचाच आहे. पण घमेले वाहणाऱ्या बाईला आणि माल कालवणाऱ्या मुलाला कामावरच शिकता यावे, शिकण्याच्या दिवसांत बुडणारी मजुरी भरून मिळावी, आणि शिकविणाऱ्या मिस्त्रीलाही मोबदला मिळावा, याहून मजुराच्या अधिक हिताचे दुसरे कोणते काम आहे? ही भरपाई मिळाली, तर उक्त्या टोळीतल्या मिस्त्रीलाही शिकविण्यात तोटा राहणार नाही.

शिकाऊ उमेदवारांविषयीच्या २०१९ च्या सुधारित नियमांनी ३० वा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनेला अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. ज्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर दहाच माणसे असतात आणि कामावर दोनशे, त्याला हा नियम लागू होत नाही. म्हणून नियमाचा हात हजेरीपटाऐवजी कामालाच घातला पाहिजे. खासगी घरमालकावर अशी सक्ती करता येणार नाही, पण शाळेच्या खोल्या, आरोग्य उपकेंद्रे, ग्रामपंचायतींची कार्यालये ही कामे तर सरकारचीच आहेत आणि ती प्रत्येक तालुक्यात दरवर्षी निघतात. त्यांच्या निविदेत अनामत किती, यंत्रसामग्री कोणती, विलंबाला दंड किती हे सारे तपशीलवार लिहिलेले असते. या कामावर इतके स्थानिक शिकाऊ, त्यांत इतक्या स्त्रिया, काम संपताना कनिष्ठ अभियंत्यासमोर प्रत्येकाने एक कोपरा ओळंब्यात उचलून दाखवावयाचा, आणि जो दाखवील त्यालाच यापुढे दरसूचीतला पहिल्या वर्गाचा दर, एवढी कलमे तेथे घालावयास विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाचा एक शासन निर्णय पुरे आहे.